बंद खाणींचा पहारा

मंगळवार, बोखुम

बोखुमच्या खाण-संग्रहालयावर ७१ मीटर उंचीचा हिरवा लोखंडी मनोरा उभा आहे. खाणीत माणसं उतरवायचा आणि कोळसा वर काढायचा, त्या पाळण्याचा मनोरा. तो मूळचा इथला नव्हे. शेजारच्या डॉर्टमुंडमधल्या गेर्मानिया खाणीवरून सत्तरच्या दशकात आणून इथे बसवला. त्याच्या पायथ्याशी जमिनीखाली जी खाण बघायला मिळते, तिथून कोळशाचा खडाही कधी निघालेला नाही. लोकांना कल्पना यावी म्हणून वीसेक मीटर खोलीवर बोगदे खोदून त्यात खरी यंत्रं मांडली आहेत. शाळेची मुलं हेल्मेट घालून आरडाओरडा करत हिंडत होती. सगळं छान आहे, फक्त खऱ्या पोकळ्या कुठे आहेत हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

दादाला पडला. दादानं उभं आयुष्य भूजलाच्या कामात घातलं. निवृत्तीनंतर त्याला देवळं-किल्ले नकोत, बंद खाणी बघायच्या होत्या. मला लिहायला विषय हवा होता. तेव्हा जर्मनीतल्या बंद खाणींच्या गावांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं ठरलं. खाण बंद झाल्यावर तिथे काय उरतं, आणि ते उरलंय हे लक्षात ठेवायचं काम कोण करतं, एवढंच बघायचं होतं.

खऱ्या पोकळ्यांचं उत्तर याच शहराच्या पश्चिमेला, वाटेनशाइड भागात आहे. २ जानेवारी २००० रोजी तिथल्या साध्यासुध्या वस्तीत जमीन एकाएकी खचली आणि घरांशेजारची गॅरेजं खड्ड्यात गेली. खाली एका जुन्या कोळसा खाणीचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर होती. ती खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडलेली. शाफ्टचं तोंड त्या काळच्या पद्धतीनं बुजवलेलं, वर वस्ती झालेली, आणि तीन पिढ्यांत खाणीची गोष्ट कुणाच्या बोलण्यातही उरली नव्हती. आम्ही त्या भागात चालून आलो. बघण्यासारखं काहीच नाही. काँक्रीट ओतून खड्डा कधीच भरून टाकलेला आहे.

खाणीचे नकाशे इथे पूर्वीपासून सक्तीचे आहेत; प्रशियाचा १८६५ चा खाण कायदा ते मागायचा. आता ते या राज्याच्या खाण-प्राधिकरणाकडे आहेत आणि जमिनीबद्दल काही शंका असली तर तिथे विचारता येतं. अडचण त्याआधीच्या खोदकामाची, आणि महायुद्धांनंतरच्या टंचाईत लोकांनी चोरून खणलेल्या बिळांची. दक्षिणेकडे कोळसा अगदी वरच यायचा. थंडीत शेगडी पेटवायला ज्यानं खणलं, तो नकाशा कशाला काढील?

याच शहरातल्या गेऑर्ग आग्रिकोला महाविद्यालयात खाणी बंद झाल्यानंतरच्या कामाची पदवी मिळते आणि त्याचं वेगळं संशोधन केंद्रही आहे. दादाला हे फार आवडलं. "खाण उघडायचं शिक्षण सगळीकडे मिळतं. बंद झाल्यावर सांभाळायचं कुठे शिकवतात?" असं म्हणून तो दारावरच्या पाटीचा फोटो काढून आला.

बुधवार, एसेन आणि बॉट्रोप

एसेनचं झोलफेराइन म्हणजे रूर या इथल्या कोळसापट्ट्याचं देऊळच झालंय. खाण १९८६ मध्ये बंद झाली, कोक भट्ट्या १९९३ मध्ये. २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. शाफ्ट बाराच्या लाल मनोऱ्यापुढे नवरा-नवरीचे फोटो चालले होते. आमच्या वाटाड्यानं ओघात एक गोष्ट सांगितली आणि तो पुढेही गेला: खाण बंद झाल्यावरही इथल्या शाफ्टमधून अनेक वर्षं पाणी उपसलं जात होतं. गटातले बाकीचे वास्तुरचनेकडे वळले. दादा तिथेच थांबला.

"पंप बंद पडला तर?" त्यानं विचारलं.

या प्रश्नावर सगळं रूर उभं आहे. दीडशे वर्षं खालचा कोळसा काढला, तशी वरची जमीन बसत गेली. काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त. म्हणजे शहरं खाली गेली आणि नद्या वरच राहिल्या. पावसाचं पाणी आपसूक नदीला मिळत नाही, ते पंपानं चढवावं लागतं. पंप थांबले तर लाखो लोकांची घरं-दुकानं तळ्यात जातील. शिवाय खोल खाणीत साठणारं खारट पाणी. ते पिण्याच्या पाण्याच्या थरांपर्यंत चढता कामा नये, म्हणून ते ठरावीक पातळीच्या खाली ठेवायचं, आणि वर काढलेलं नदीत सोडायचं. तिसरं काम जुन्या कोक भट्ट्यांच्या आवारातलं दूषित भूजल साफ करण्याचं. या तिन्ही कामांना मुदत नाही. करारातच ती कायमची म्हणून धरलेली आहेत.

त्यासाठी २००७ मध्ये एक न्यास स्थापन झाला. शेवटच्या खाणी चालवणाऱ्या कंपनीची रासायनिक उद्योगातली मालमत्ता त्याच्याकडे आली. त्या भांडवलाच्या उत्पन्नातून २०१९ पासून पंप चालतात. वर्षाचा खर्च सुरुवातीला सुमारे २२ कोटी युरो धरला होता. योजना हुशारीची आहे यात शंका नाही. पण विचार केला की गंमत वाटते: एका प्रदेशाची जमीन कोरडी राहणं हे शेअर बाजारावर, लाभांशावर अवलंबून आहे, आणि तेही कायमचं. कायम टिकलेला शेअर बाजार अजून कुणी पाहिलेला नाही.

दुपारी एम्शर नदी पाहिली. शंभर वर्षं ही नदी म्हणजे काँक्रीटमध्ये बांधलेलं उघडं गटार होती. लोकांना स्वच्छतेची चाड नव्हती असं नाही. जमीन खचत असताना पुरलेले नळ तुटले असते, म्हणून सांडपाणी उघड्यावरून न्यावं लागलं. खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे भूमिगत नळ टाकता आला. ५१ किलोमीटरची मुख्य वाहिनी झाली आणि २०२१ च्या अखेरीस नदीतलं सांडपाणी थांबलं. आता काठावर गवत आहे, सायकलींचा रस्ता आहे. जुन्या गटाराचा फोटो असलेल्या फलकापुढे दोन शाळकरी मुलं उभी होती. ही तीच नदी, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

बॉट्रोपला पोचेस्तोवर भुरभुर सुरू झाली. प्रोस्पर-हानिएल ही रूरमधली शेवटची कोळसा खाण. २१ डिसेंबर २०१८ रोजी तिथल्या कामगारांनी कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला. शेजारच्या हानिएल डंपवर चढून गेलो. वर एका स्पॅनिश शिल्पकारानं रेल्वेच्या जुन्या स्लीपरांना रंग देऊन खांबांची रांग उभी केली आहे, आणि चढाच्या वाटेवर ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेचे टप्पे आहेत. पायाखालचं सगळं खाणीतून काढलेल्या दगडमातीचं, माणसांनी रचलेलं.

डंपवर उभं राहिलं की दादाला एबरफानची आठवण येतेच. वेल्समधलं खाणकामगारांचं गाव. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी डोंगरउतारावरचा सात नंबरचा डंप पाणी होऊन खाली आला आणि शाळेवर कोसळला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. तो डंप ज्या झऱ्यांवर रचला होता, ते झरे सरकारी नकाशांवर छापलेले होते. आधीच्या डंपांची घसरणही लोकांनी पाहिलेली होती. "माहिती होती," दादा म्हणाला. "नकाशात होती, गावकऱ्यांच्या तोंडी होती. डंप कुठे टाकायचा हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर तेवढी नव्हती."

गुरुवार, गोस्लार

हार्त्स डोंगराच्या कुशीतलं गोस्लार बघताना वाटतं, हे गाव खाणीनं जन्माला घातलं आणि खाणीनंच जपलं. राम्मेल्सबर्गमधल्या खाणकामाचा उल्लेख ९६८ सालापासून मिळतो. चांदी, शिसं, तांबं, जस्त काढत काढत ती खाण ३० जून १९८८ पर्यंत चालली. एक हजार वर्षांहून जास्त. बंद झाल्यावर पाडापाडीचा विचार होता. गावातल्या लोकांनी विरोध केला आणि चार वर्षांत जागतिक वारशाचा शिक्का आला.

आम्ही रोएडर बोगद्यात उतरलो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या उंबऱ्यावर खोदलेला हा बोगदा. डोंगरात पाणी आणून त्यावर लाकडी चाकं फिरवायची आणि त्या चाकांच्या जोरावर खालचं पाणी उपसायचं. अंधारात उभी असलेली ती चाकं प्रचंड आहेत. पण मी खिळून राहिले ती भिंतीपुढे. वाटाड्यानं टॉर्च तिरपा धरला. दगडाच्या भेगेतून थेंब येत होता, आणि जिथून तो ओघळत होता तिथे मोरचुदाचा निळा थर साचला होता. त्याच्या कडेला हिरवट, मग पांढरा, मग गंजासारखा तपकिरी. एका ठिकाणी निळ्या स्फटिकांची लहानशी झालर लोंबत होती. हात लावायचा नाही. गंधकयुक्त धातुकाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, ते धातू विरघळवून सोबत घेतं, आणि पुन्हा हवा लागली की असं भिंतीवर ठेवून जातं. हीच क्रिया डोंगराच्या पोटात अजून चालू आहे. ती खाण चालू असण्यावर अवलंबून नाही. म्हणून इथलं पाणी आजही गोळा करून शुद्ध करावं लागतं.

बाराव्या शतकातला निचऱ्याचा बोगदाही आहे. त्याचा हिशेब दादानं मला समजावून सांगितला. उतारानं काढलेल्या बोगद्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. तो ढासळू नये एवढंच बघायचं. वरच्या हार्त्समधला एर्न्स्ट-ऑगुस्ट बोगदा १८५१ ते १८६४ या काळात खोदला, २६ किलोमीटरहून लांब, आणि वरच्या खाणी बंद झाल्या तरी तो पाणी वाहून नेतोच आहे. "रूरला कायमचे पंप, इथे कायमचा उतार. सांग, कुठला जास्त टिकेल?" मी म्हटलं, दादा, कोळसा हजार मीटर खाली आणि भोवती सपाट मुलूख असेल तर उतार कुठून आणणार? तो हसला, पण मत काही बदललं नाही.

संध्याकाळी ओकर नदीच्या काठानं चाललो. नदीनं आणून टाकलेल्या वाळूत गुलाबी फुलांचे गोल झुपके होते, गवतासारखी बारीक पानं, सरळ दांड्यावर एकेक बोंड. हालरची ग्रासनेल्क. शिसं-जस्ताच्या विषारी मातीत इतर झाडं मान टाकतात, ही वाढते. जिथे ती दाट दिसेल तिथे जुन्या धातुकाचा गाळ आहे असं समजावं. हार्त्सच्या नद्यांनी तो गाळ डोंगराबाहेर लांबपर्यंत नेला. इनर्स्टे नदीकाठचे शेतकरी धातुक कुटण्याच्या गिरण्यांतून येणाऱ्या वाळूनं शेतं बिघडतात म्हणून काही शतकांपूर्वीच तक्रार करत होते.

गोस्लार जिल्ह्यात २००१ पासून यासाठी खास नियम आहेत. मातीतल्या शिशा-कॅडमियमच्या प्रमाणानुसार जमिनीचे विभाग पाडले आहेत. आपली बाग कुठल्या विभागात येते त्यावर भाजी लावायची की नाही, लहान मुलांना मातीत खेळू द्यायचं की नाही, खणलेली माती कुठे न्यायची हे ठरतं. वारशाच्या फलकाचा फोटो काढून माणूस पुढे जातो. बागेत पालक लावायचा की नको, हे ज्याला दर हंगामात ठरवावं लागतं त्याला खाण विसरता येत नाही. मला ही व्यवस्था झोलफेराइनच्या लाल मनोऱ्यापेक्षा जास्त भरवशाची वाटली.

शुक्रवार, रेम्लिंगेन

वोल्फेनब्युटेलहून बसनं रेम्लिंगेन. आजूबाजूच्या गावांत घरांपुढे, शेतांच्या कडेला पिवळी मोठी 'A' अक्षरं उभी केलेली दिसतात, ती आसे खाणीच्या निषेधाची. आसे हा बुटका, जंगलानं भरलेला लांबट डोंगर. वरती जुन्या किल्ल्याचे अवशेष, चालायला सुरेख वाटा. पोटात मिठाची खाण.

आसे-२ मधून १९६४ पर्यंत पोटॅश आणि मीठ काढलं. १९६७ ते १९७८ या काळात संशोधनाच्या नावाखाली तिथे किरणोत्सारी कचऱ्याची सव्वा लाखाहून जास्त पिंपं ठेवण्यात आली. काही रचून, आणि बरीचशी यंत्रानं नुसती ढकलून, वर मीठ लोटून. १९८८ पासून खाणीत बाहेरून पाणी येतंय, दिवसाला साधारण १२ घनमीटर. डोंगराच्या कडेपर्यंत मीठ कोरून काढल्यामुळे कडेची भिंत पातळ झाली, दालनं दबली, खडकाला भेगा गेल्या. २०१३ मध्ये खास कायदा करून ठरवण्यात आलं, की पिंपं परत वर काढायची. ते काम अजून व्हायचं आहे.

मला खरी हादरवणारी गोष्ट दुसरीच वाटली. या एकाच डोंगरात आसे-१ आणि आसे-३ सुद्धा होत्या. विटमारची आसे-१ पाणी घुसून १९०६ मध्येच बुडाली होती. आसे-३ चाही शेवट पाण्यानंच झाला. म्हणजे साठच्या दशकात जेव्हा आसे-२ ची निवड होत होती, तेव्हा एकाच डोंगरातल्या तीन खाणींपैकी दोन बुडालेल्या होत्या, आणि हे परिसरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असणार. किल्ल्याकडून उतरताना विटमार समोर दिसत होतं. आसे-१ तिथेच बुडाली होती. दादा बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "पाणी आत यायला जागा आहे, हे पाण्यानं दोनदा सांगितलं होतं."

किरणोत्सारी कचऱ्याच्या निमित्तानं लांबच्या आठवणीवर जगात बराच विचार झालाय. ऐंशीच्या दशकात चिन्हशास्त्राचे अभ्यासक टॉमस सेबेऑक यांनी अणुकचऱ्याची माहिती दहा हजार वर्षं पिढ्यान्‌पिढ्या पुढे देणाऱ्या 'पुरोहितवर्गा'ची कल्पना मांडली. दुसऱ्या दोघांनी तर किरणोत्सार जाणवला की रंग बदलणारी मांजरं पाळायची आणि त्यांच्याबद्दल म्हणी-गाणी रुजवायची असं सुचवलं. हसू येतं. पण आसेच्या वाटेवर तितकं येत नाही. कारण इथे दहा हजार वर्षांची गोष्टच नाही, साठ वर्षंही आठवण पुरली नाही. विकसित देशांच्या अणुऊर्जा संस्थेनं २०११ ते २०१८ या काळात या विषयावर मोठा प्रकल्प चालवला. त्याचं सांगणं साधं आहे: एका खुणेवर, एका दफ्तरावर विसंबू नका, स्थानिक लोक, संग्रह, कायदे, जमिनीच्या नोंदी, अशा बऱ्याच वाटा एकाच वेळी चालू ठेवा.

आणि योगायोग असा, की आठवण जपायलासुद्धा या देशानं खाणच निवडली आहे. फ्रायबुर्गजवळ ओबररीडमध्ये एका जुन्या चांदीच्या खाणीच्या बोगद्यात स्टीलच्या हवाबंद पिंपांत देशाच्या दस्तऐवजांच्या मायक्रोफिल्म १९७५ पासून साठवतात. निदान पाचशे वर्षं टिकाव्यात असा बेत आहे. तीही पिंपंच.

शनिवार, रोनेबुर्ग

आता पूर्व जर्मनी. विस्मुट हे इथल्या खाण कंपनीचं नाव मुळात धातूचं, म्हणजे बिस्मथचं. मुद्दाम घेतलेलं फसवं नाव, कारण काढायचं होतं युरेनियम, सोव्हिएत अणुबाँबसाठी. १९४६ ते १९९० या काळात झाक्सन आणि थुरिंगियामधून सुमारे २,३१,००० टन युरेनियम काढलं. जर्मनीच्या एकीकरणाबरोबर काम थांबलं आणि १९९१ च्या कायद्यानं तीच कंपनी साफसफाईची सरकारी कंपनी झाली. आतापर्यंतचा खर्च सात अब्ज युरोंच्या आसपास आहे.

रोनेबुर्गला लिश्टेनबेर्गची उघडी खाण होती, २४० मीटरपर्यंत खोल. आज शोधून सापडत नाही. भोवतालचे डंप उचलून त्यांनी तो खड्डा भरला, दहा कोटी घनमीटरहून जास्त माल. भरतानाही डोकं वापरलं: आम्ल तयार करणारा दगड सगळ्यांत खाली, जिथे पुढे भूजल चढून त्याला हवेपासून तोडेल, कमी धोक्याचा वर. कागदोपत्री नीट विचार केलेलं, आणि तब्बल पंधरा वर्षं अवजड डंपर लावून पुरं केलेलं काम. दादा खूष होता, हे सांगायला नको.

२००७ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन भरलं. गेसेनच्या खोऱ्यावर लाकडी पूल आहे, ड्रॅगनच्या शेपटीसारखा वळलेला. फुलं, तळी, खेळायच्या जागा. सायकलवाले येतात, थांबतात, जातात. भरलेल्या खड्ड्यावरची टेकडी म्हणजे श्मिर्चाऊ टेकडी. खाणीनं गिळलेल्या श्मिर्चाऊ गावाचं नाव तिला दिलंय. वर खाणकामगाराच्या दिव्याच्या आकाराचा मनोरा आहे आणि पायाखाली अख्ख्या खाणक्षेत्राचा नकाशा. त्यावर चालत फिरायचं. श्मिर्चाऊ, लिश्टेनबेर्ग, गेसेन, कुल्मिच, अशी उठवलेली गावं नावानिशी उरली आहेत.

पूर्वी महामार्गावरून रोनेबुर्गचे टोकदार डंप लांबूनच दिसायचे. ते गेले, तेव्हा मन दुखावलेले लोकही होते, कारण त्यांच्यासाठी घर जवळ आल्याची ती खूण होती. मला त्या लोकांचं पटतं. एखादा टोकदार शंकू नीट झाकून ठेवला असता तर मूल विचारतं, आई, हा डोंगर असा कसा? हिरव्या गोल टेकडीबद्दल कोण विचारणार? साफसफाई जितकी सफाईनं झाली तितका प्रश्न पडणंच बंद होतं. आणि खाली गोष्ट संपलेली नाही. खाणी पाण्यानं भरत गेल्या, ते पाणी गेसेन खोऱ्यात वर आलं; आता ते गोळा करून शुद्धीकरण केंद्रात नेतात. फुलांच्या बागेपासून ते फार लांब नाही. बागेत मला त्याच्याबद्दल एकही ठळक पाटी दिसली नाही.

रविवार, श्नेबेर्ग आणि बाड श्लेमा

एर्झगेबिर्गे, म्हणजे झाक्सनचा धातुकांचा डोंगर. श्नेबेर्गच्या चांदीच्या खाणीत काम करणारे लोक छातीच्या रोगानं तरुणपणीच मरतात हे काही शतकांपासून माहीत होतं. बोखुमच्या महाविद्यालयाला ज्याचं नाव आहे त्या आग्रिकोलानं १५५६ च्या ग्रंथात कार्पेथियन डोंगरातल्या बायकांबद्दल लिहिलंय, की त्यांनी सात-सात नवरे केले आणि सातही त्या क्षयानं गेले. श्नेबेर्गचा रोग म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग आहे हे हेर्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी १८७९ मध्ये दाखवलं. कारण होतं रेडॉन, जमिनीतल्या युरेनियमपासून निघणारा किरणोत्सारी वायू. हे सगळं छापलेलं, वैद्यकात शिकवलं जाणारं. तरी १९४६ नंतर हजारो माणसांना वारा नसलेल्या कोरड्या धुळीत उतरवलं गेलं. नंतर हजारोंना व्यवसायजन्य कर्करोग मान्य झाला. विस्मुटच्या सुमारे ५९,००० कामगारांचा दीर्घ अभ्यास आजही रेडॉनचे नियम ठरवायला वापरतात. मेलेल्यांच्या कामाच्या नोंदवह्या जपल्या गेल्या, म्हणून ते शक्य झालं.

पलीकडचं श्लेमा महायुद्धाआधी रेडियमच्या झऱ्यांसाठी नावाजलेलं आरोग्यस्थान होतं. खाली युरेनियम आहे म्हटल्यावर आरोग्यस्थान खणून काढलं. जुन्या गावाचा गाभा खचला, मग पाडला. आता त्याच खचलेल्या जागेवर उद्यान आहे, आणि २००५ मध्ये गावाला पुन्हा 'बाड', म्हणजे स्नानतीर्थाचा दर्जा मिळाला. लोक रेडॉनच्या पाण्यात डुंबायला येतात! आजूबाजूच्या टेकड्या म्हणजे डंप. वर मीटरभर माती, तीवर गवत आणि झाडं. चढावर एका जागी पावसानं कोपरा खरवडला होता. दादा खाली बसला, मातीचा थर किती उरलाय ते बोटांनी मोजत. झाडाचं मूळ खाली घुसलं, रानडुकरानं उकरलं, की झाकण फाटतं. म्हणून या टेकड्यांवर कायम कुणीतरी फेरी मारावी लागते.

भरलेल्या खाणीचं पाणी केंद्रात नेऊन त्यातलं युरेनियम, आर्सेनिक, रेडियम काढतात. हे अजून कितीतरी दशकं चालणार. वर खाणीत मोठे पंखे उलटी हवा ओढत असतात, नाहीतर रेडॉन भेगांमधून लोकांच्या तळघरांत शिरेल. आणखी एक बारीक मुद्दा, जो मला रोनेबुर्गच्या फुलांपेक्षा महत्त्वाचा वाटतो: १९९१ च्या कायद्यानं कंपनीकडे तेवढेच भाग दिले, जे ३० जून १९९० रोजी तिच्या मालकीचे होते. त्याआधी सोडून दिलेल्या खाणी-डंप कुणाच्याच नव्हेत. झाक्सनमधल्या त्या जुन्या जागांसाठी केंद्र आणि राज्याला २००३ मध्ये वेगळा करार करावा लागला. डंप तोच, माती तीच; मालकीची तारीख चुकली की तो कुणाच्याच यादीत नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी खोलीची किल्ली घेताना स्वागतकक्षात, फडताळाच्या वरच्या कप्प्यात, काळी प्लास्टिकची लहानशी डबी दिसली. दादानं ओळखली, रेडॉन मोजायची. झाक्सननं २०२० च्या अखेरीस हा भाग रेडॉनच्या दक्षतेचा म्हणून जाहीर केला. तेव्हापासून तळघरातल्या आणि तळमजल्यावरच्या कामाच्या जागांत वर्षभर मोजणी सक्तीची आहे. घनमीटरला ३०० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) वर आकडा गेला तर उपाय करून पुन्हा मोजायचं. काउंटरवरची मुलगी विशीतली, खाण तिच्या जन्माआधी बंद झालेली. खाणीबद्दल विचारलं तर आजोबा होते कामाला, एवढंच म्हणाली. पण डबीबद्दल तिनं घडाघडा सांगितलं: उचलायची नाही, खिडकीत ठेवायची नाही, तारीख या वहीत आहे, आणि वर्ष भरलं की प्रयोगशाळेला पोस्टानं पाठवायची. दादानं वही मागितली. आधीच्या वर्षीचा आकडाही त्यात होता, खाली सही.